विचार करणारं मनच आजारी पडतं तेव्हा

कर्जत तालुक्यात मानसिक आजाराचा विषय निघाला की बोलणं लवकरच वेणगावच्या 'श्रद्धा'कडे वळतं. ते स्वाभाविक आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली मुंबईत सुरू केलेलं काम २००६ मध्ये कर्जतला आलं. रस्त्यावर भटकणाऱ्या, घरदार हरवलेल्या मनोरुग्णांना आणायचं, उपचार करायचे आणि नाव-गाव आठवू लागलं की देशाच्या ज्या टोकाला त्यांचं घर असेल तिथे नेऊन पोचवायचं, असं हे काम. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तालुक्याचं नाव जगभर गेलं. या कामाचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण त्याचा एक परिणाम असा झाला की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मनोरुग्ण म्हणून एकच चित्र उभं राहतं: वाढलेली दाढी, फाटके कपडे, स्वतःशी चाललेली बडबड.

नैराश्याचा रुग्ण असा दिसत नाही. तो भिसेगावातल्या घरातून निघतो, स्टेशनवर येतो, गर्दीच्या लोकलमध्ये दोन तास काढून मुंबईत कामाला जातो आणि रात्री परततो. ती घरात स्वयंपाक करते, मुलांचे डबे भरते, हळदीकुंकवाला जाऊन हसून बोलते. घरच्यांना एवढंच जाणवतं की हल्ली तो गप्प असतो, हल्ली ती फार विसरते, हल्ली साधी गोष्ट विचारली तरी अंगावर येते. मग सल्ले सुरू होतात. विचार करू नकोस. मन खंबीर कर. चांगले विचार आण. सगळं तर आहे तुला, मग दुःख कसलं?

सल्ला देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण गेल्या साठ वर्षांत नैराश्याबद्दल जे संशोधन झालं आहे, ते या सल्ल्याच्या मुळावरच बोट ठेवतं. नैराश्य म्हणजे नुसतं खूप दुःख नव्हे. लक्ष देणं, आठवणं, ठरवणं, अंदाज बांधणं, भावना आवरणं ही मनाची रोजची कामं ज्या यंत्रणेवर चालतात, तीच यंत्रणा या आजारात बिघडते. वजनकाट्यातच खोट असेल तर भाताचं प्रत्येक पोतं कमीच भरणार. त्यात दोष भाताचा नसतो. रुग्णाला चांगला विचार कर म्हणणं म्हणजे त्याच खोट्या काट्यावर पुन्हा पुन्हा वजन करायला लावणं.

डॉक्टर नैराश्याचं निदान करताना नऊ लक्षणं बघतात. त्यातली निदान पाच, दोन आठवडे, बहुतेक वेळ असायला हवीत, आणि त्यात उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणं यापैकी एक तरी असायलाच हवं. झोप, भूक, थकवा, हालचालीतला संथपणा किंवा तगमग ही शरीराची लक्षणं. उरलेली तीन मात्र सरळ विचारांची आहेत: लक्ष न लागणं व निर्णय न घेता येणं, आपण नालायक किंवा अपराधी आहोत असं वाटणं, आणि मरणाचे विचार. म्हणजे विचारांचा बिघाड हा आजाराचा गाभा आहे. आपल्याकडे मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर लोक शरीराचंच सांगतात. अंग जड झालंय, डोकं सुन्न झालंय, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. फार तर 'टेन्शन आहे' म्हणतात. मग रक्ताच्या तपासण्या होतात, ताकदीची औषधं, सलाइन, आणि घरी परत.

विचारांच्या बाजूकडे पहिल्यांदा नेटाने पाहिलं ते अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी. फ्रॉइडच्या परंपरेत असं मानलं जाई की नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळवलेला राग. बेक यांनी ते सिद्ध करण्यासाठी रुग्णांची स्वप्नं गोळा केली. त्यांत राग सापडला नाही. सापडलं ते हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. जागेपणीही हे रुग्ण तेच बोलत. १९६०च्या दशकात बेक यांनी मांडलं की नैराश्यात तीन गोष्टींबद्दलचं मत एकदम काळवंडतं: स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या काळाबद्दल. मी कुचकामी आहे, कुणाला माझी पडलेली नाही, आणि हे कधीच बदलणार नाही. हे विचार माणूस ठरवून करत नाही. ते आपोआप येतात, इतक्या झटकन की तो विचार आहे हेच कळत नाही. तो वस्तुस्थितीसारखा वाटतो. साहेबांनी सकाळी नमस्कार घेतला नाही, याचा अर्थ ते घाईत होते असा न लागता ते मला काढून टाकणार असा लागतो.

बेक यांच्यानंतर प्रयोगशाळांमध्ये या कल्पनेचे तुकडे पाडून तपासणी झाली. लक्ष देण्याबाबत जे आढळलं ते थोडं अनपेक्षित होतं. निराश माणसाचं लक्ष वाईटाकडे इतरांपेक्षा फार लवकर जातं असं नाही. एकदा गेलं की ते तिथून निघत नाही. ग्रेग सीगल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एका छोट्या अभ्यासात मेंदूची चित्रं घेतली. मनाला लागणारा शब्द दाखवल्यावर भावनेशी संबंधित अमिग्डाला हा भाग सगळ्यांमध्येच जागा होतो. निरोगी माणसांत तो दहा सेकंदांच्या आत शांत झाला. नैराश्याच्या रुग्णांत तो सुमारे पंचवीस सेकंद पेटलेलाच राहिला, मध्ये दुसरं काम दिलेलं असूनही. घरच्यांना वाटतं की हा सोडून देत नाही. खरं असं की त्याच्याकडून ते सुटत नाही.

आठवणींचं प्रकरण मला या सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. मन उदास असताना उदास आठवणी जास्त येतात, हे तर अनुभवानेही कळतं. पण १९८६ साली इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी वेगळीच गोष्ट दाखवली. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना त्यांनी एकेक शब्द दिला आणि त्यावरून आयुष्यातला एक नेमका प्रसंग आठवायला सांगितला. रुग्णांना प्रसंग सांगता येईना. ते सरसकट बोलत. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर असं: 'आनंद' म्हटल्यावर एखादा सांगेल, मागच्या पावसाळ्यात आम्ही कोंढाण्याच्या लेण्यांकडे गेलो होतो, भावाचा पाय चिखलात रुतला आणि आम्ही पोट धरून हसलो. नैराश्यातला माणूस म्हणेल, लहानपणी सगळं बरं होतं. दिवस नाही, जागा नाही, माणसं नाहीत.

हा फरक वरवर किरकोळ दिसतो, पण त्याचे परिणाम खोल आहेत. अडचण आली की आपण मागच्या एखाद्या नेमक्या प्रसंगाचा आधार घेतो: तेव्हा पतपेढीचा हप्ता थकला होता, मग मी मॅनेजरला भेटलो, मुदत मिळाली होती. हा प्रसंगच हाती लागत नसेल तर उरतं काय? माझं नेहमी असंच होतं, एवढंच. ज्यांच्या आठवणी अशा धूसर असतात त्यांना रोजच्या अडचणींवर उपाय सुचणंही जड जातं, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं. पुढचा काळही त्यांना तसाच धूसर दिसतो, कारण उद्याची कल्पना मन कालच्या तुकड्यांतूनच जुळवतं. एखादा तरुण 'मला पुढे काहीच दिसत नाही' म्हणतो तेव्हा त्याला अलंकारिक समजू नये. तो आपल्या मनाचं अचूक वर्णन करत असतो.

त्याच्या जोडीला हातातल्या कामापुरतं डोक्यात धरून ठेवणारी स्मृती, एकाग्रता आणि निर्णयशक्ती ढिली पडते. भाजी कोणती करायची हे ठरत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा एकच पान चार वेळा वाचतो. दुकानदार हिशेबात चुकतो. वयस्कर माणसांत तर विसरणं इतकं वाढतं की घरचे ते म्हातारपणावर किंवा स्मृतिभ्रंशावर ढकलतात. नैराश्यावर उपचार झाल्यावर यातल्या अनेकांची स्मृती बरीच सुधारते, म्हणून सत्तरीच्या माणसाबाबतही ही तपासणी करून घ्यायलाच हवी. २०१४ साली केंब्रिजच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं की मन प्रसन्न झाल्यावरही लक्ष आणि निर्णयातली ही कमतरता काही अंशी मागे राहते. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. उपचारानंतर चेहऱ्यावर हसू आलं म्हणून माणसावर पहिल्याच आठवड्यात पूर्वीइतकं काम टाकू नये. आजार संपला आणि आता हा आळस करतोय, असा निष्कर्ष काढणारे मालक, शिक्षक आणि नातेवाईक पुष्कळ आहेत. ते चुकतात.

आता भावनांकडे येऊ. भावना सगळ्यांनाच येतात, आणि सगळेच त्या कमीअधिक आवरतात, वळवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली याचे टप्पे मांडले. त्रास देणारी जागाच टाळणं किंवा बदलणं, लक्ष दुसरीकडे नेणं, घडलेल्या गोष्टीचा वेगळा अर्थ लावून पाहणं, आणि भावना उफाळून आल्यावर ती चेहऱ्यावर दिसू न देणं. नैराश्यात यातला वेगळा अर्थ लावण्याचा टप्पा लंगडतो. आणि ते ओघाने येतं: वेगळा अर्थ लावायचा तर आधीच्या अर्थावरून लक्ष सुटायला हवं, दुसरी शक्यता डोक्यात धरून ठेवता यायला हवी, एखादा उलट अनुभव आठवायला हवा. वर पाहिलेल्या नेमक्या याच गोष्टी निकामी झालेल्या असतात. विचार आणि भावना असे दोन वेगळे बिघाड नाहीत. विचार अडकतो म्हणून भावना उतरत नाही आणि भावना उतरत नाही म्हणून विचार तिथेच फिरत राहतो.

या फिरत राहण्याला मराठीत तेच ते उगाळत बसणं म्हणतात. सुझन नोलन-होक्सेमा या संशोधिकेने आपली कारकीर्द या एका सवयीच्या अभ्यासाला दिली. मला असं का वाटतंय, माझ्याच वाट्याला का, मी तेव्हा असं का वागलो, हे प्रश्न माणूस उत्तर मिळेल या आशेने विचारतो. तो समजतो की आपण खोलात जाऊन विचार करतोय. पण या प्रश्नांतून पुढचं पाऊल कधी निघत नाही. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. योगायोगाने त्याच्या दोन आठवडे आधी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि उगाळण्याची सवय तिने नोंदवून ठेवली होती. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी तपासलं, तेव्हा ज्यांना आधीपासून उगाळण्याची सवय होती ते जास्त निराश झालेले आढळले. आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हे खरं निघालं.

हा अभ्यास वाचताना खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची ही वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली, चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ पक्की घरं बांधली गेली. घरं आवश्यक होती. पण जिचं माणूस मिळालंच नाही, किंवा जो त्या रात्री कामासाठी बाहेर होता म्हणून वाचला, त्यांच्या मनात 'मी तिथे असतो तर' हा प्रश्न किती काळ फिरत असेल? किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर वाचलेल्यांची मानसोपचारतज्ज्ञांनी प्राथमिक पाहणी केली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजाराची लक्षणं होती, आणि त्यात नैराश्य ठळक होतं. दुःख सगळ्यांनाच होतं आणि बहुतेकांचं काळाबरोबर ओसरतं. कुणाचं ओसरत नाही हे ओळखण्यासाठी मात्र महिन्यांनी आणि वर्षांनी परत जाऊन विचारावं लागतं. आपत्तीनंतरच्या मदतीत हे काम घराच्या किल्लीइतकंच आवश्यक धरलं पाहिजे.

नैराश्यातला माणूस सतत रडत असतो, हाही गैरसमज आहे. मानसशास्त्रज्ञ जोनाथन रॉटनबर्ग यांच्या अभ्यासांत दिसलं की अनेक रुग्णांच्या भावना दोन्ही बाजूंनी सपाट होतात. विनोदी दृश्यावर हसू कमी येतं, आणि करुण दृश्यावर रडूही कमी येतं. घरात मयत झाली तरी डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून एखाद्या बाईला दगड म्हणणारे लोक असतात. तिच्यावर अन्याय होत असतो. 'मला काहीच वाटत नाही' हे वाक्य 'मला फार दुःख होतंय' याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, काळजीचं आहे.

भावना दाबून टाकण्याबाबत मात्र पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत. युरोप-अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत भाव चेहऱ्यावर न दाखवणारी माणसं जास्त त्रासात आढळतात. आशियाई वळणाच्या समाजांत हाच तोटा बराच कमी दिसतो, कारण थोरांसमोर राग गिळणं ही तिथे रीत असते, स्वतःशी केलेली लबाडी नव्हे. सुनेने सासूसमोर गप्प बसणं आणि नैराश्य यांचं सरळ समीकरण मांडता येत नाही. मला वाटतं प्रश्न वेगळा आहे: जे तिथे गिळलं, ते बोलायला दुसरी जागा आहे का? पूर्वी ती जात्यावर होती, विहिरीवर होती, माहेरी होती. आजही लोकलच्या बायकांच्या डब्यात रोजच्या मैत्रिणींचा घोळका हे काम करतो. ज्यांच्याकडे अशी जागाच नाही, त्यांची काळजी आधी करायला हवी. स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतं. पुरुषांना तर लहानपणापासून न रडण्याची शिकवण मिळते. त्यांचं नैराश्य चिडचिड आणि दारूच्या आड लपतं आणि मोजणीतून निसटतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. विचारांचा बिघाड, विचारांचा बिघाड म्हणता. पण माणसाची परिस्थितीच वाईट असेल तर? कर्जत-खालापूरमध्ये गेल्या काही दशकांत शेतजमिनी फार्महाउसांसाठी विकल्या गेल्या. आलेला पैसा घर, गाडी, लग्नात संपला आणि काही जण आपल्याच जुन्या जमिनीवर रखवालदार झाले. कातकरी कुटुंबं आजही पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात, आधीच घेतलेल्या उचलीपोटी. अशा माणसाने 'माझं काही खरं नाही' म्हटलं तर तो विचारातला दोष म्हणायचा?

या वादाला जुना इतिहास आहे. १९७९ साली लॉरेन अ‍ॅलॉय आणि लिन अब्रॅमसन यांनी एका प्रयोगात दाखवलं की बटण दाबल्यावर दिवा लागण्यात आपला हात किती, याचा अंदाज निराश विद्यार्थी जास्त अचूक करतात. आनंदी विद्यार्थी स्वतःला उगाच श्रेय देतात. निराश माणसालाच खरं जग दिसतं, अशी कल्पना त्यातून पसरली आणि लेखक-कवींना ती आवडली. २०२२ साली हा प्रयोग मोठ्या संख्येवर पुन्हा केला तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. माझं मत असं की परिस्थिती खरीच वाईट असू शकते, आणि तरीही नैराश्य त्या परिस्थितीत भर घालतं. कर्ज आहे हे खरं. पण कर्ज आहे म्हणून मी मुलांना नकोसा आहे, हे खरं नव्हे; हे आजार बोलतो. गरिबीने नैराश्य वाढतं आणि नैराश्याने हातून काम सुटून गरिबी वाढते, असं दोन्ही दिशांनी चालतं. म्हणून ज्या उपचारात फक्त विचार तपासले जातात आणि सातबारा, उचल, मारहाण, दारू यांची चौकशी होत नाही, तो उपचार इथे अपुरा आहे. आणि ज्या मदतीत फक्त पैसा पोचतो तीही अपुरीच.

उपचारांत महाराष्ट्राची स्वतःची परंपरा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाच्या भाषेत आणली ती कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा मध्यमवर्गीय घरांत रुजवली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला २०१७ साली सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यातल्या निराश मुलाला कुणी उपदेश करत नाही, त्याला थारा मिळतो. हे सगळं मोलाचं आहे. पण विचाराला विचाराने उत्तर द्यायची पद्धत ज्याची विचारशक्तीच थकली आहे त्याला पहिल्या दिवशी झेपेलच असं नाही.

बेक यांनीही विचार तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धती बसवली होती. १९९६ साली मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी तिचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा त्यातला एक साधा भाग एकटाही जवळपास तितकाच गुणकारी ठरला: रुग्णाला हळूहळू कामाला लावणं. मन लागेल तेव्हा करू, असं न म्हणता आधी करायचं. मनाची वाट बघायची नाही. किती छोटं काम, कोणत्या वेळी, कुणाबरोबर, हे नेमकं ठरवायचं. धूसर झालेल्या मनाला इथे नेमकेपणा बाहेरून पुरवला जातो, आणि उगाळण्याला जागा उरत नाही.

गोव्यात 'संगत' या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने याच तत्त्वावर उपचार बसवला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले सुमारे पाचशे रुग्ण, सगळे मध्यम ते तीव्र नैराश्याचे. उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचं आधीचं कसलंही शिक्षण नसलेली, प्रशिक्षण देऊन तयार केलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. त्याआधीच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्याच अभ्यासात आणखी एक बोलकी गोष्ट दिसली होती. अशा समुपदेशकांची जोड सरकारी केंद्रांत ठळकपणे उपयोगी पडली, खासगी दवाखान्यांत नाही. म्हणजे ज्या व्यवस्थेला आपण नावं ठेवतो तिथेच हे काम रुजू शकतं.

विदर्भातला अनुभवही याला पुष्टी देतो. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांकडून बोलणं सुरू केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. अजूनही चारातले तीन बाहेरच राहिले, हे विसरू नये. पण जिथे लोक येतच नाहीत असं म्हटलं जाई, तिथे लोक आले.

औषधांबद्दल थोडक्यात. २०१८ साली ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. तपासलेली एकवीसही औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा परिणामकारक ठरली, काही थोडी, काही बरी. मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं, हे सोपं स्पष्टीकरण आज टिकत नाही. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचे अभ्यास वेगळी दिशा दाखवतात: मन हलकं होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या डोसनंतरच, रुग्णाला समोरच्या चेहऱ्यावरचा आनंद अधिक नीट ओळखता येऊ लागतो. म्हणजे औषधही बहुधा आधी नजर बदलतं, मग मनःस्थिती. मनःस्थिती सुधारायला आठवडे लागतात, आणि नेमक्या त्या आठवड्यांतच लोक गुण येत नाही म्हणून गोळ्या सोडतात. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. मात्र त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत. आजार तीव्र असेल, जेवण-झोप तुटली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध यांना पर्याय नाही. भगताकडे जायचंच असेल तर जा, पण गोळी थांबवून नको.

देशाचं चित्र निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत आहे. वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि आजारी असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांबाहेर राहतात. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. यांपैकी ठाण्याचं १९०१ सालचं. कर्जतच्या वाड्यापाड्यांतल्या माणसाला ठाणं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतीला एक माणूस. ज्याला भाजी कोणती आणायची हे ठरवता येत नाही त्याच्याकडून ही सगळी जुळवाजुळव होणार नाही. उपचारच त्याच्यापर्यंत यायला हवा.

त्यासाठी नवं काही शोधून काढायची गरज नाही. आशाताई घरोघरी जातातच. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. गोव्यातला सहा-आठ भेटींचा उपचार मराठीतून शिकवता येण्यासारखा आहे आणि त्याची परीक्षाही झालेली आहे. जिल्हा परिषदेने आणि आरोग्य खात्याने तो कर्जत-खालापूरच्या केंद्रांत सुरू करावा, सुरुवात इर्शाळवाडीच्या नव्या वस्तीपासून करावी, आणि आशाताईंवर आणखी एक फुकटचं काम न लादता त्याचा वेगळा मोबदला द्यावा.

तोवर घरातल्यांच्या हाती जे आहे ते करावं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कुणी गप्प, विसराळू, चिडचिडं किंवा सपाट दिसलं, तर का म्हणून विचारू नका; त्याचं उत्तर तो आधीच दिवसभर शोधतोय. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारा. मरणाबद्दल विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकट्याला सोडू नका. संध्याकाळी उल्हास नदीच्या पुलापर्यंत चल म्हणा, आणि बरोबर जा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास चालू, मोफत, मराठीतही. तो क्रमांक नुसता लिहून त्याच्या हातात देऊ नका. फोन तुम्ही लावा, पहिली दोन वाक्यं तुम्ही बोला, आणि मग फोन त्याच्याकडे द्या.